छापून आलेली विहीर

आमच्या शाळेच्या माणसांनी काय काय केलं, हे लिहिणं पाच वर्षं माझं काम होतं. संपादकांनी माझ्याकडे कामाच्या आठवणी मागितल्या, तेव्हा त्यांना त्याच हव्या असणार: कोणत्या विद्यार्थ्याने कोणतं गाव सुधारलं, कोणते मास्तर कुठे गाजले. त्यातल्या बऱ्याचशा खऱ्या आहेत आणि थोड्या मी सांगेनही. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय बाकीच्या सांगायचा मला हक्क नाही.

शाळा म्हणजे लहान मुलांची शाळा नव्हे. पिंपरी आणि चिंचवडच्या मध्ये लढाईच्या काळात लष्करासाठी बांधलेल्या पत्र्याच्या बराकी होत्या. त्यांतल्या तीन आम्हाला मिळाल्या होत्या. उन्हाळ्यात त्या तव्यासारख्या तापत. तिथे ग्रामसेवक आणि पंचायतीचे चिटणीस तयार होत. वरती ठरलेलं धोरण गावाच्या चावडीपर्यंत न्यायचं कसं, आणि चावडीपासून घराघरांत शिरवायचं कसं, हे शिकवायचं, एवढंच आमचं काम. एवढंच म्हणतो, पण ते सोपं नव्हतं. शोषखड्डा कसा खणायचा हे एका सकाळी शिकवता येतं. तो खणायला तयार नसलेल्या माणसाच्या ओट्यावर कसं बसायचं, हे शिकवायला सहा महिने लागतात. पोरं विशी-बाविशीची, दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेली. खाकी हाफ पँट, एक सायकल आणि वही घेऊन ती आमच्याकडून बाहेर पडत आणि पाच-सात गावांची धनी होत.

मी लोकशिक्षण शिकवायचो. शिवाय शाळेचं एक वार्तापत्र निघे, त्यातलं ‘कर्तबगारी’ हे सदर माझ्याकडे होतं. दर तीन महिन्यांनी बाहेर पडलेला प्रत्येक विद्यार्थी एक पोस्टकार्ड पाठवी. त्यावरून मी चार-चार ओळी तयार करायच्या. कोण, कुठे, काय केलं. आजी विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि शिक्षक, सगळ्यांना जागा. अंक पुण्याला छापला जाई आणि तालुक्याच्या ब्लॉक ऑफिसात, कलेक्टर कचेरीत, शिवाय वरच्या मंडळींकडे जाई.

कार्डं वाचताना करमणूक व्हायची. एका विद्यार्थ्याने लिहिलं होतं: “गावातील दोन भावांचे बांधाचे जुने भांडण माझ्या मध्यस्थीने मिटले. दोघे एक झाले व त्यांनी मिळून मला चोपले.” मी पहिलं वाक्य छापलं, दुसरं गाळलं. आमचे शेतीचे मास्तर दर अंकाला स्वतःच्या भाषणाची बातमी स्वतःच लिहून आणत. “पुनावळे येथे भाषण. तीनशे ग्रामस्थ अखेरपर्यंत जागचे हलले नाहीत.” मी त्या सभेला होतो. भाषणानंतर सरकारी गाडीतून सिनेमा दाखवणार होते. हलतील कसे? तरी मी ते छापलं. मास्तरांचा चेहरा दोन दिवस फुललेला होता, आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

अशी सवय लागते. पण आमची खरी रीत याहून वेगळी होती, आणि तिचा आम्हाला अभिमान होता.

आमच्या प्राचार्यांना सगळे नाना म्हणत. मामलेदार म्हणून निवृत्त झालेला, खादी वापरणारा, मनाने फार चांगला माणूस. त्यांचं म्हणणं असं की माणसाला केलेल्या कामाची शाबासकी द्यावीच, पण अर्धवट झालेल्या कामाची आधीच द्यावी. “छापून आलं की माणूस पळतो हो,” ते म्हणायचे. “मागून हाकण्यापेक्षा पुढून ओढावं.” त्यामुळे एखादं काम रंगात आलं आहे असं कार्डावरून दिसलं, की मी ते झालं म्हणून छापत असे. अंक गावात पोचेपर्यंत ते खरंच झालेलं असे.

खोटं सांगत नाही, हे चालायचं. पुनावळ्याच्या बाजूला बबन नावाचा आमचा एक विद्यार्थी होता. त्याचे पस्तीस खतखड्डे आम्ही छापले. अंक मिळाल्या दिवशी तो घामाघूम होऊन सायकलवर आला.

“गुरुजी, काय केलंत हे! अकराच झालेत!”

“मग चोवीस खण,” मी म्हटलं.

“अहो, गावात हसतायत मला!”

“त्या हसणाऱ्यांच्याच हातात कुदळ दे.”

बबनने पुढच्या महिन्यात छत्तीस खड्डे दाखवले. एक जास्त. नाना त्याला मिठी मारायचे बाकी राहिले होते. अशी उदाहरणं आमच्याकडे डझनाने होती, आणि ती सांगताना माझी मान ताठ व्हायची. आपण नुसतं लिहीत नाही, लिहून घडवतो, असं मला वाटे.

आता एकनाथबद्दल.

एकनाथ नगर जिल्ह्यातला. अंगाने किडकिडीत, बोलायला कमी. वर्गात हात वर करायचा तो प्रश्न विचारायला नाही, तर “गुरुजी, मघाशी मी सांगितलं ते चुकलं होतं,” असं सांगायला. त्याची नेमणूक चाकणच्या बाजूला झाली. महाळुंग्याच्या पलीकडे माळावर एक वाडी आहे. तिचं नाव देत नाही, कारण तिथल्या लोकांना मी तसं विचारलेलं नाही. पस्तीस-चाळीस घरं, सगळी शेतकरी. कांदा, बाजरी आणि हरभरा. विहीर नव्हती. बायका ओढ्याच्या वाळूत झिरा खणून वाटीवाटीने घागर भरायच्या. उन्हाळ्यात एका घागरीला तासभर लागायचा, आणि घरात दोन घागरी लागायच्या.

एकनाथने तिथे विहिरीशिवाय दुसरं काही केलंच नाही. वर्ग नाही, खड्डे नाहीत. वाडीतच एका पडवीत राहिला. ठकूबाई नावाच्या म्हातारीच्या घरी जेवायचा. दिवाळी झाल्यावर त्याने वाडीला विहिरीवर आणलं. शेतातली कामं उरकून रोज दहा-बारा गडी उतरायचे, बायका माती ओढायच्या. ग्रामसेवकाने स्वतः खाली उतरून पहार मारायची असते, हे आमच्या शाळेत शिकवलेलं. बहुतेक जण ते फोटोपुरतं करत. एकनाथ रोज उतरे.

पौषात त्याचं कार्ड आलं. “विहीर चार परस झाली. काळा पाषाण लागला आहे, पण कपारीला ओल दिसते. गडी दमलेत, पण सोडत नाहीत. गरज पडल्यास ब्लॉककडून सुरुंगाची टोळी मागेन.” एक परस म्हणजे एका माणसाची उंची. मी विचार केला, चार परस झाली, ओल दिसते, म्हणजे आलंच पाणी. लिहिलं: “श्री. एकनाथ यांच्या प्रयत्नाने वाडीची विहीर पूर्ण होऊन पाणी लागले. बायकांची पिढ्यान्‌पिढ्यांची पायपीट थांबली.” शेवटचं वाक्य लिहिल्यावर मी ते दोनदा वाचलं. मला आवडलं होतं.

खडक वार्तापत्र वाचत नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही.

अंक गेला. माघात शाळेचा वार्षिक समारंभ होता, आणि त्या वर्षी तो नेहमीचा नव्हता. शाळा कायम करायची की बंद करायची, हे ठरवायला वरून समिती येणार होती. समारंभाला आठ दिवस उरले असताना एकनाथचं पाकीट आलं. कार्ड नव्हे, पाकीट. “गुरुजी, पाणी लागलेलं नाही. अंक तलाठ्याने वाडीत वाचून दाखवला. कृपा करून दुरुस्ती छापावी आणि ब्लॉक ऑफिसला कळवावं.”

पत्र मी नानांना दाखवलं नाही. समितीच्या हातात तोच अंक जाणार होता. समारंभ होऊ दे, मग दुरुस्ती करू, असं मनाशी म्हणत मी ते टेबलाच्या खणात ठेवलं. बारा शिक्षकांच्या नोकऱ्यांचा प्रश्न होता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. त्यांत एक माझीही होती.

समारंभाला सगळे माजी विद्यार्थी आले. एकनाथ मांडवाच्या दाराशीच मला भेटला.

“गुरुजी, माझं पत्र पोचलं ना?”

“पोचलं. बघतो मी ते.”

“म्हणजे नानांना माहीत आहे?”

मी म्हटलं, “तू बस आधी. मागाहून बोलू.”

नानांनी भाषणात वाडीच्या विहिरीचा उल्लेख केला. नुसता उल्लेख नाही. माझं ते शेवटचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. मग ते म्हणाले, “तो तरुण इथे बसलेला आहे. एकनाथ, ऊठ बाळ.” एकनाथ उठला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कार्यक्रमपत्रिका वाचू लागलो. कुणीतरी त्याला पुढे ढकललं, समितीच्या अध्यक्षांनी त्याच्या गळ्यात हार घातला आणि टाळ्या झाल्या. तो काहीच बोलला नाही. बोलला असता तर त्या क्षणी नाना, शाळा आणि मी, तिघेही खोटे पडलो असतो. ते त्याच्या ध्यानात आलं होतं. जेवायला तो थांबला नाही.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं, काही ब्लॉक ऑफिसात, काही वाडीत.

पाण्याची सोय नसलेल्या वस्त्यांची एक यादी ब्लॉकमध्ये असते. सुरुंगाची टोळी त्या यादीप्रमाणे फिरते. आमचा अंक वाचून तिथल्या कारकुनाने वाडीच्या नावावर रेघ मारली होती. फाल्गुनात एकनाथ टोळी मागायला गेला, तेव्हा ब्लॉकच्या साहेबांनी त्याच्यापुढे अंक ठेवला. साहेबही वाईट नव्हते. ते म्हणाले, “अहो, मी स्वतः टाळ्या वाजवल्यात तुमच्यासाठी. आता म्हणता पाणी नाही. मग खोटं कोण बोललं, तुम्ही की तुमची शाळा? तसं लिहून द्या, मी नाव परत घालतो.”

एकनाथने लिहून दिलं नाही. शाळा खोटं बोलली असं लिहायचं नाही, आणि आपण खोटं बोललो असंही लिहायचं नाही. दोन्हींमध्ये तो अडकला. साहेबांनी महिनाभर वाट पाहिली आणि टोळी दुसऱ्या गावाला पाठवली.

वाडीत त्याहून वाईट झालं होतं. तलाठ्याने अंक वाचला त्या दिवसापासून गडी विहिरीवर यायचे थांबले. आमची रीत माणसाला पळवायची; इथे तिने कामाला लागलेली माणसं बसवली. लोकांना वाटलं, याने काम झालं म्हणून वर कळवूनही टाकलं, आणि पुढे आपल्या घामावर हारही मिळवला. एकनाथ एकटाच घण घेऊन उतरत राहिला. एकट्याने विहीर खणता येत नाही; वर दगड ओढायला तरी माणूस लागतो. ठकूबाईने त्याची भाकरी बंद केली नाही. पण बोलणं बंद केलं. ताट ठेवायची आणि आत जायची.

वैशाखात त्याचं शेवटचं कार्ड आलं. “नोकरी सोडली आहे. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात लागलो. माजी विद्यार्थ्यांच्या यादीतून माझं नाव काढावं.”

ते कार्ड घेऊन मी बराच वेळ बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सायकल काढली आणि वाडीवर गेलो. पाच वर्षांत मी त्या सदरात किती गावांबद्दल लिहिलं असेल. त्यांतली बहुतेक पाहिलेली नव्हती. विहिरीच्या काठावर उभं राहून खाली पाहिलं. तळाला कोरडा काळा खडक, त्यावर घणाचे पांढरे घाव. दोन-चार माणसं जमली. त्यांत पाटील होते, आणि हातात रिकामी घागर घेतलेली ठकूबाई.

मी सांगितलं. विहीर झाली असं एकनाथने कळवलं नव्हतं, ते मी मनाचं लिहिलं. त्याने दुरुस्ती मागितली, ती मी दाबून ठेवली. हार घालून घ्यायला तो आला नव्हता.

मग पाटील म्हणाले, “मास्तर, मग ह्ये तवाच का न्हाई सांगितलं?”

“भ्यालो,” मी म्हटलं.

“कुनाला?”

मी पुन्हा खाली, त्या खडकाकडे पाहिलं.

ठकूबाई म्हणाली, “म्या त्याच्यासंगं चार म्हैनं बोलले न्हाई. जेवाय बसायचा तर मान वर करायचा न्हाई पोरगा. मला वाटलं, मनात चोर हाय म्हनून खाली बघतोय.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तुमी शिकलेली मानसं. तुमाला यवढं बी कळंना व्हय, का पानी हाय का न्हाई ते आदी आत डोकावून बगावं?”

त्या संध्याकाळी मी नानांना सगळं सांगितलं आणि खणातलं पाकीट पुढे ठेवलं. मला वाटलं ते ओरडतील. त्यांनी चष्मा काढला, पाकिटावरची तारीख पाहिली, आणि म्हणाले, “रीत माझी होती. दुरुस्तीखाली दोघांची नावं घाला. माझं आधी.” आम्ही ती पहिल्या पानावर छापली. शाळेचं काहीच बिघडलं नाही. शाळा कायम झाल्याचं पत्र त्याच्या दीड महिना आधी आलेलं होतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ती दुरुस्ती पाहून काही जणांनी मला धीराचा माणूस म्हटलं. धीर माघात हवा होता. वैशाखातली दुरुस्ती फुकटची होती.

‘कर्तबगारी’ मी सोडलं. नानांनी पुढून ओढायची रीतही सोडली. पुढे जे छापलं जाई ते कुणीतरी जाऊन पाहिलेलं असे. अंक निम्मा झाला. बबनच्या चार ओळींच्या दोन झाल्याबद्दल तो अजून कुरकुरतो.

वाडीचं नाव यादीत परत आलं, पण त्या वर्षीचं टोळीचं काम ठरून गेलं होतं. एक उन्हाळा गेला होताच. पुढच्या थंडीत टोळी पोचली आणि पौष सरता सरता मला पाटलांचं कार्ड आलं: पाणी लागलं.

मी ते घेऊन पिंपरीला कारखान्याच्या फाटकाशी उभा राहिलो. शिफ्ट सुटली. एकनाथ बाटल्या धुण्याच्या खात्यात होता. हाताची बोटं पांढरी पडलेली. मला पाहून थांबला. नमस्कार केला. त्याआधी दोनदा मी त्याला भेटून माफी मागितली होती, आणि दोन्ही वेळा तो “असू द्या गुरुजी” म्हणून निघून गेला होता.

“एकनाथ, वाडीला पाणी लागलं.”

त्याच्या तोंडाकडे मी पाहत राहिलो. तो म्हणाला, “तुम्ही पाहिलंत?”

“पाटलांचं कार्ड आलंय ना.”

त्याने कार्ड घेतलं, उलटसुलट करून वाचलं आणि हसला. कितीतरी दिवसांनी मी त्याला हसताना पाहिलं. “गुरुजी, तुम्ही अजून कार्डावरच आहात.”

रविवारी त्याच्या सुट्टीला आम्ही दोघे सायकलींनी गेलो. चाकणला उतरून चहा घेतला. वाडीजवळ आलो तेव्हा विहिरीवर बायका होत्या. ठकूबाई पोहरा ओढत होती. तिने आधी मला ओळखलं, मग माझ्यामागे कोण आहे ते पाहिलं. पोहरा तसाच काठावर ठेवला.

“किती वाळलास रं,” ती म्हणाली. “कारखान्यात जेवाय घालत न्हाईत व्हय?”

“घालतात की आजी.”

“खोटं बोलू नगंस. बस हितं.” आणि त्याची ओंजळ भरून तिने पाणी ओतलं. तो प्याला. मग तिने पोहरा माझ्याकडे वळवला. मी मागे सरलो.

“प्या,” ती म्हणाली. “पानी हाय, हार न्हाई.”

मी प्यालो. बाकीच्या बायका हसल्या, ठकूबाई हसली नाही.

एकनाथ काठावर पालथा पडून आत पाहत होता. मग त्याने दोराला दगड बांधून तळाला टेकेपर्यंत सोडला, वर ओढला, आणि ओला-कोरडा सगळा दोर हातांनी मोजत बसला. पाटील येऊन बाजूला बसले.

“चार परस आन् वर तीन हात,” पाटीलच म्हणाले. “तीन हात फोडलं, आन् कपारीतनं आलं बग.”

एकनाथने दोर पुन्हा मोजला. तेवढाच भरला.

“तीन हात,” तो म्हणाला. “पंधरा दिवस. आपल्याच गड्यांचं काम होतं. सुरुंगाचीसुद्धा गरज नव्हती.”

पाटलांनी मान खाली घातली. मी तर आधीच घातलेली होती. एकनाथ दोराची गुंडाळी करत होता. गुंडाळी झाल्यावर त्याने ती ठकूबाईच्या हातात दिली. परत निघताना सायकलीशी मी त्याला विचारलं, हे मी कधी लिहिलं तर चालेल का.

त्याने सायकल वळवली.

“लिहा,” म्हणाला. “पण तीन हातच लिहा गुरुजी. कमी नाही, जास्त नाही.”